नान्नजच्या बांधावरचं खवलं आणि डब्यातलं दगडफूल

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या बाईंनी विचारलं आहे ते थोडक्यात असं: नान्नजच्या बाजूला शेताच्या बांधावरच्या काळ्या दगडांवर पाऊस पडून गेला की हिरवट-तपकिरी खवली दिसतात, ऊन पडलं की तीच काळपट होऊन कडेनं वळतात. गावातल्या म्हाताऱ्या त्याला दगडफूल म्हणतात. मग काळ्या मसाल्यात घालतो ते हेच का? मुलांच्या प्रकल्पवहीत त्याचं शास्त्रीय वर्गीकरण काय लिहायचं? आणि पोरांनी ते खरवडून वर्गात आणलं तर चालेल का? सोबत मोबाइलवर काढलेले चार फोटो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवलेली, काडेपेटीएवढी दगडाची कपची.

ताई, कपची पाठवलीत हे फार बरं केलंत. नुसत्या फोटोवरून शैवाकाची जात सांगणं आणि तळहात बघून लग्नाची तारीख सांगणं यांत फारसा फरक नाही. मी तीस-बत्तीस वर्षं हे दगड बघतोय, तरी फोटो पाहून फार तर प्रजातीपर्यंत (म्हणजे जीनसपर्यंत) जातो आणि तिथं थांबतो.

आधी सरळ उत्तर. तुमच्या बांधावरचं आणि मसाल्यातलं एक नाही. दोन्ही शैवाकं आहेत, म्हणजे ज्याला आपण लायकेन म्हणतो ते, कवक (बुरशी) आणि शैवाल किंवा नील-हरित जीवाणू यांचं एकत्र बिऱ्हाड, पण त्यांचं नातं फार लांबचं आहे. दोन्हींचा संघ एक, वर्गापासूनच वाटा वेगळ्या. नान्नजच्याच भाषेत सांगायचं तर गाय आणि माळढोक यांचाही संघ एकच आहे, वर्ग मात्र निराळे. दोघं एकाच माळावर चरतात म्हणून कुणी त्यांना भावंडं म्हणत नाही. (प्राण्यांतला ‘वर्ग’ आणि कवकांतला ‘वर्ग’ एकाच मापाचे नसतात, हे मान्य. पण मुलांना अंदाज यायला ही उपमा पुरे.)

डब्यातल्या दगडफुलापासून सुरुवात करतो, कारण सगळा घोटाळा त्या नावात आहे.

सोलापुरात मधल्या मारुतीच्या आसपास मसाल्याच्या दुकानात उभं राहिलं की एकाच पोत्याकडे बोट दाखवून तीन भाषांत मागणी होते. आपण दगडफूल म्हणतो, अक्कलकोटकडून आलेली बाई कल्लु हूवु म्हणते, पूर्व भागातली विणकर घरातली आजी राती पुव्वु म्हणते. तिन्हींचा अर्थ तोच, दगडाचं फूल. आयुर्वेदातलं नाव शैलेय, तिथंही शिळा आहेच. इतक्या भाषा एका सुरात सांगतायत म्हटल्यावर ते दगडावरच उगवत असणार असं कुणालाही वाटेल.

एकदा पाव किलोचा पुडा आणून मी घरी वर्तमानपत्रावर पसरला. उन्हाळी मसाल्याची तयारी चालली होती, मिरच्या गच्चीवर वाळत होत्या, आणि मी चिमट्यानं एकेक तुकडा बाजूला करतोय हे पाहून घरातून जे ऐकायला मिळालं ते इथं लिहीत नाही. निघालं काय? वरून राखाडी-पांढरे, खालून काळेभोर, कागदाच्या चुरगळ्यासारखे पापुद्रे. त्यांना चिकटलेल्या झाडाच्या सालीचे कपचे. शेवाळ्याची झुबकी. दोन-तीन बारीक काटक्या, आणि त्यांनाही शैवाकाची मिठी. दगडाचा कण मात्र शोधून सापडला नाही. बाजारातलं बरंचसं दगडफूल झाडांच्या सालीवरून काढलेलं असतं. उत्तराखंडात बांजाच्या, म्हणजे तिकडच्या ओकच्या झाडांवरून ते गोळा करतात आणि त्याला झूला म्हणतात. दगडावर ते वाढत नाही असं नाही, वाढतं. पण पोतं भरायचं तर जंगलातली झाडं सोपी पडतात.

त्या पुड्यात एकच जातही नव्हती. पुस्तकात दगडफुलापुढे नाव असतं पार्मोट्रेमा पर्लाटम. प्रत्यक्षात त्याच्याबरोबर त्याची चुलत भावंडं येतात. एकाच्या पाठीवर पांढऱ्या बारीक भेगांची जाळी असते, ते पार्मोट्रेमा रेटिक्युलाटम. एक अरुंद फितीसारखं असतं, कडेला काळे केस, ते एव्हरनियास्ट्रम सिऱ्हाटम; त्याला आता हायपोट्रॅकायना प्रजातीत हलवलंय. सुक्या तुकड्यांत डोळ्यांनी फसायला होतं, म्हणून रसायनं वापरतात. आतला पांढरा थर ब्लेडनं उघडा करायचा आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. पर्लाटम पिवळं होऊन नारिंगीकडे जातं. रेटिक्युलाटम आधी पिवळं आणि बघता बघता रक्तासारखं लाल. ब्लीचिंग पावडरच्या ताज्या द्रावणाचा थेंब पार्मोट्रेमा टिंक्टोरमवर टाकला तर तेही लाल होतं. आपल्याकडे डोंगराळ भागात खडकावर आणि झाडावर दोन्हीकडे दिसणारी ही मोठी जात. या थेंबांच्या चाचण्या विल्यम नायलँडर या फिनलंडच्या माणसानं 1866 मध्ये वापरात आणल्या. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याची गंमत आहे.

पर्लाटमचं नाव तरी कुठं स्थिर राहिलं? 1762 मध्ये इंग्लंडच्या विल्यम हडसननं त्याला लायकेन पर्लाटस म्हटलं. तेव्हा जगातली जवळजवळ सगळी शैवाकं ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत कोंबलेली होती. लिनियसनं 1753 मध्ये तशीच व्यवस्था लावली होती आणि त्यांना शैवालांच्या गटात बसवलं होतं. 1803 मध्ये एरिक अकारियसनं, लिनियसच्या शेवटच्या विद्यार्थ्यानं, त्याला पार्मेलियात आणलं. आयुर्वेदाच्या पुस्तकांत अजून ‘पार्मेलिया पर्लाटा’ छापतात ते तिथलं. 1952 मध्ये ते पार्मोट्रेमात गेलं. मग 1986 मध्ये लक्षात आणून दिलं गेलं की हडसनच्याही आधी ऑस्बेकनं चीनमधल्या नमुन्याला नाव दिलेलं आहे, आणि आधीचं नाव खरं या नियमानं ते काही वर्षं पार्मोट्रेमा चायनेन्स झालं. पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं पर्लाटम राखून ठेवायचा निर्णय झाला. दुकानदाराला यातलं काही कळलं नाही, पोत्यावरची चिठ्ठी तीच राहिली. त्याचं वर्गीकरण हवं असेल तर संघ ॲस्कोमायकोटा, वर्ग लेकॅनोरोमायसिटीस, गण लेकॅनोरेलीस, कुल पार्मेलिएसी.

आता तुमची कपची.

ती आली तेव्हा पूर्ण सुकलेली होती. काळ्या बेसाल्टवर काळपट-तपकिरी पाच-सहा खवली, मोठ्यातलं मोठं तुरीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. पहिल्या नजरेला वाटेल की कुणी डांबराचे शिंतोडे उडवलेत. मी सराफाकडं असतं तसं दहापट दाखवणारं भिंग लावलं. कडा खाली वळलेल्या आणि त्या वळणावर निळसर-काळी, काजळासारखी भुकटी. मग डोळ्यांत घालायच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतून पावसाच्या पाण्याचे दोन थेंब सोडले. आधी काहीच नाही, थेंब नुसता बसून राहिला. मग तो एकदम आत ओढला गेला, खवल्याची कड हळूहळू उलगडली आणि मिनिटभरात रंग काळ्यावरून ऑलिव्हसारख्या हिरव्यावर आला. आठवीच्या वर्गाला एवढं एक दाखवलंत तरी प्रकल्पाचं निम्मं काम झालं.

पुढची पायरी म्हणजे खवलं खालून बघणं. सुईनं एक उचकटलं तर ते पूर्ण चिकटलेलं नव्हतं. मधोमध एकाच ठिकाणी, नाळेसारख्या जाड देठानं दगडाला धरलेलं. ढालीला मागून एकच मूठ असते ना, तसं. या प्रजातीचं नाव तिथूनच आलंय: पेल्टा म्हणजे लहान ढाल, म्हणून पेल्ट्युला. मग ब्लेडनं पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आतल्या पेशी गवतासारख्या हिरव्या नव्हत्या, निळसर-हिरव्या होत्या. हे महत्त्वाचं. तपकिरी खवल्यांची एन्डोकार्पॉन नावाची आणखी एक प्रजाती मातीवर आणि दगडावर सापडते, आणि नवशिका माणूस हमखास तिथं घसरतो. मीही घसरलोय, माझ्या सुरुवातीच्या दोन वह्यांतली निम्मी ‘एन्डोकार्पॉन’ पुढे पेल्ट्युला निघाली. एन्डोकार्पॉन खरवडलं तर आत ताजा हिरवा रंग दिसतो, कारण त्यात हिरवं शैवाल असतं, आणि पाठीवर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके असतात. तुमच्या नमुन्यात दोन्ही नाहीत.

मधोमध देठ, खाली वळलेल्या कडा, कडेवर गडद भुकटी, आत नील-हरित पेशी. एवढ्यावरून मी तुमच्या खवल्याला पेल्ट्युला युप्लोका म्हणतो. उष्ण आणि कोरड्या प्रदेशांत जगभर सापडणारी, उघड्या खडकावर राहणारी ही जात आहे. कडेची भुकटी म्हणजे तिची बियाणं समजा. त्या प्रत्येक कणात कवकाचे धागे आणि नील-हरित पेशी दोन्ही बांधून ठेवलेल्या असतात, वाऱ्यानं किंवा पाण्यानं कण दुसऱ्या दगडावर गेला की संसार तयार. बीजाणू असलेल्या तबकड्या या जातीत क्वचितच सापडतात, तुमच्या कपचीवरही नाहीत. पेल्ट्युलाच्या ज्या जातींत त्या मिळतात तिथं बीजाणूंच्या पिशवीत नेहमीच्या आठाऐवजी कितीतरी जास्त बीजाणू असतात, कधी शंभराच्या घरात. त्यावरूनही प्रजाती ओळखता येते.

वहीत लिहायचं ते असं: सृष्टी कवक, संघ ॲस्कोमायकोटा, वर्ग लिचिनोमायसिटीस, गण लिचिनेलीस, कुल पेल्ट्युलेसी, प्रजाती पेल्ट्युला, जाती पेल्ट्युला युप्लोका. मुलांना शेपटावरून पायरी ओळखायला शिकवा. कवकांत ‘मायसिटीस’ आलं की वर्ग, ‘एलीस’ आलं की गण, ‘एसी’ आलं की कुल. आणि एक विनंती, शब्द बालभारतीचेच ठेवा: प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रं हल्ली हिंदीच्या वळणानं स्पीशीजला प्रजाती म्हणतात, आणि मग पोरं परीक्षेत दोन्हीकडे एकच लिहून येतात.

शब्दांचं निघालंच आहे तर शैवाल, शेवाळ आणि शैवाक यांची गल्लतही वेळीच मिटवा. शैवाल म्हणजे अल्गी. शेवाळ हा बोलीतला शब्द, त्यात निसरडं, हिरवं असलेलं सगळंच बसतं. शैवाक म्हणजे लायकेन. मी एका मासिकाला लेख दिला होता, तिथल्या मुद्रितशोधकानं ‘शैवाक’ हा छपाईचा दोष समजून लेखभर ‘शैवाल’ करून टाकलं. शीर्षकासकट. लेख वाचून एका प्राध्यापकांनी मला पत्र पाठवून शैवाल आणि कवक यांतला फरक समजावून सांगितला होता.

पूर्ण नाव लिहायचं तर जातीच्या पुढे माणसांची नावं येतात: पेल्ट्युला युप्लोका (अकारियस) पोएल्ट. कंसातल्या माणसानं आधी दुसऱ्या प्रजातीत नाव दिलं, कंसाबाहेरच्यानं तिला आत्ताच्या प्रजातीत आणलं, एवढाच त्याचा अर्थ. अकारियसनं अठराव्या शतकाच्या अखेरीस तिला लायकेन युप्लोकस म्हटलं होतं. मधल्या काळात ती हेप्पिया या प्रजातीतही राहून आली, त्यामुळे जुन्या भारतीय याद्यांत हेप्पिया दिसलं तर गोंधळू नका. शाळेच्या वहीत माणसांची नावं नाही लिहिली तरी चालेल.

आता एखादं चौकस पोर विचारेल, आणि विचारायलाच हवं: सर, यात दोन जीव आहेत म्हणता, मग नाव एकाचंच का?

नाव कवकाचं. शैवाकाला दिलेलं नाव हे त्यातल्या कवकाला लागू होतं, असं नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतच लिहिलंय. आतल्या जोडीदाराला स्वतःचं नाव असतं. पेल्ट्युलातला जोडीदार क्रोओकॉक्सिडिऑप्सिस नावाचा नील-हरित जीवाणू आहे, म्हणजे कवकही नाही आणि वनस्पतीही नाही. वाळवंटातल्या दगडांच्या आत, अंटार्क्टिकाच्या खडकात तो सापडतो, आणि अवकाश स्थानकाच्या बाहेर ठेवूनही त्याची परीक्षा घेतली गेलीय. मसाल्यातल्या पर्लाटमचा जोडीदार ट्रेबॉक्सिया, हे हिरवं शैवाल. म्हणजे तुमच्या बांधावरचं खवलं आणि डब्यातला पापुद्रा यांची घरधनीण वेगळ्या वर्गातली आणि भाडेकरू तर वेगळ्या सृष्टीतले.

हे दोन जीव आहेत हे मात्र लोकांनी सहजासहजी मान्य केलं नाही. 1867 मध्ये स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेन्डेनरनं सांगितलं की शैवाक ही एकसंध वनस्पती नसून कवकानं शैवालाला धरून ठेवलेलं बिऱ्हाड आहे. त्यानं तर मालक आणि गुलाम अशी उपमा वापरली. तेव्हाचे मोठमोठे शैवाकतज्ज्ञ खवळले. आणि सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्यांत होता तो आपला थेंबवाला नायलँडर. ज्या माणसानं 1853 मध्ये पेल्ट्युला ही प्रजाती उभी केली, ज्याची रसायनं आपण आजही वापरतो, त्यानं मरेपर्यंत मानलं नाही की त्याच्या काचेखाली दोन जीव आहेत. जुन्या पाठ्यपुस्तकांत शैवाकांचा स्वतंत्र गट दाखवलेला असायचा, तो याच काळाचा अवशेष. आज तसा गट नाही. शैवाक होणं ही कवकांची एक राहणी आहे, आणि कवकांच्या वेगवेगळ्या घराण्यांनी ती वेगवेगळ्या वेळी पत्करली. जगात शैवाकांच्या वीसेक हजार जाती मोजतात, भारतात तीन हजारांच्या घरात. त्यांतली बहुतेक सगळी कवकं ॲस्कोमायकोटातली, म्हणजे पिशवीत बीजाणू करणारी. 2016 मध्ये काही शैवाकांच्या वरच्या थरात यीस्टसारखं दुसरं कवक, म्हणजे तिसरा जोडीदारही सापडल्याचं प्रसिद्ध झालं. शाळेच्या वहीत ते नको.

वर्गीकरण दिसण्यावर का सोडायचं नाही याचं उदाहरण तुम्हाला सोलापूर शहरातच दाखवता येईल. भुईकोट किल्ल्याच्या किंवा कुठल्याही जुन्या बेसाल्टच्या भिंतीवर, ऊन खाणाऱ्या अंगाला, पिवळे-नारिंगी डाग शोधा. नारिंगी दिसतात ते बहुधा कॅलोप्लाका गोतातले, म्हणजे टेलोशिस्टेसी कुलातले. शुद्ध पिवळे, अंड्याच्या बलकासारखे कण दिसले तर ते कॅन्डेलॅरिएला असू शकतात. दोन्ही शेजारी-शेजारी असतील तर कुणीही म्हणेल, सख्खी बहीण-भावंडं. पण प्रयोगशाळेत नेलेल्या कणावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की नारिंगीवाला क्षणात जांभळट-लाल होतो, कारण त्यात पॅरिएटिन नावाचं रंगद्रव्य असतं. पिवळ्यावाल्यावर तसा बदल होत नाही. त्याचा पिवळा रंग वेगळ्याच रसायनांचा. आणि कूळ बघायला जावं तर नारिंगीवाला मसाल्यातल्या दगडफुलाच्या वर्गात, लेकॅनोरोमायसिटीसमध्ये. पिवळ्यावाल्याला मधल्या काळात कॅन्डेलॅरिओमायसिटीस असा स्वतंत्र वर्ग दिला होता. 2022 मध्ये संपूर्ण जीनोम ताडून पाहिलेलं काम प्रसिद्ध झालं, त्यात असं दिसलं की अशा विखुरलेल्या बऱ्याच लहान वर्गांचं मूळ एकच आहे, तीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळं झालेलं, आणि या सगळ्यांना लिचिनोमायसिटीसमध्येच धरावं असं त्या मंडळींनी सुचवलं.

म्हणजे किल्ल्यावरचा पिवळा कण हा शेजारच्या नारिंगी डागापेक्षा तुमच्या बांधावरच्या काळ्या खवल्याला जवळचा. रंग बघून कोण म्हणेल? मला हे पहिल्यांदा वाचल्यावर उठून कपाटातल्या पाकिटांच्या चिठ्ठ्या बदलाव्या लागल्या, पण खरं सांगतो, वैताग आला नाही.

(किल्ल्यावर मुलांना न्याल तर फक्त बघायला न्या. संरक्षित वास्तू आहे. तिथं थेंब टाकायचा नाही, नख लावायचं नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड तर शाळेत मुलांच्या हातात देऊच नका, कातडी जळते.)

आता ही जात नेमकी बांधावरच्या दगडावर का, ते. तुमच्या फोटो क्रमांक तीनमध्ये एक गोष्ट तुमच्याही नकळत आली आहे. खवली दगडभर पसरलेली नाहीत, वरून खाली उतरणाऱ्या एका पट्ट्यात आहेत. पाऊस पडल्यावर पाणी ओघळतं ती वाट आहे ती. हिरवं शैवाल असलेली शैवाकं हवेतल्या दमटपणावरही कामाला लागू शकतात, पहाटेच्या गारव्यात थोडं प्रकाशसंश्लेषण करून घेतात. नील-हरित जोडीदार असलेल्यांना ते जमत नाही, त्यांना प्रत्यक्ष पाणी लागतं. लांगे या जर्मन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात हे मोजून दाखवलं. आपल्याकडे वर्षाला पाच-सातशे मिलिमीटर पाऊस, त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरच्या आगेमागे. बाकीचे महिने कोरडे, आणि मे महिन्यात तर हा दगड हात ठेवता येणार नाही इतका तापतो. खवलं तेवढा काळ सुकून, वळून, जवळजवळ मेल्यासारखं पडून राहतं आणि ओघळाची वाट बघतं. त्याच पट्ट्यात कधीकधी नुसता काळा, खवली नसलेला, रंग फासल्यासारखा डाग असतो. ते बहुतेक मोकळे नील-हरित जीवाणू, शैवाक नव्हे. बोट फिरवून कड लागते का बघा.

खरवडण्याबद्दल माझं उत्तर नाही असं आहे. दगडाला चिकटून राहणारी शैवाकं वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी वाढतात. चाळीस मुलांनी एकेक चिमूट आणली तर एका दुपारी त्या बांधाची कित्येक वर्षं संपली. शिवाय माळढोक अभयारण्याच्या हद्दीत असाल तर वन खात्याच्या परवानगीशिवाय दगडसुद्धा उचलायचा नसतो. वीरगळ, शिलालेख असलेल्या दगडांना तर कुणालाच हात लावू देऊ नका. एका गावात उत्साही मंडळींनी वीरगळ स्वच्छ करायचा म्हणून ॲसिड आणि तारेचा ब्रश वापरला. शैवाक गेलं, त्याबरोबर घोड्याचा चेहराही गेला. शैवाकाचे धागे दगडात शिरतात आणि आम्लं सोडतात हे खरं, पण त्या ब्रशनं तासाभरात जे केलं ते शैवाकाला काही शतकं लागली असती.

त्याऐवजी असं करा. मुलांना एक दगड नेमून द्या. त्याच्याशेजारी रुपयाचं नाणं ठेवून सुका फोटो काढा. मग फवाऱ्यानं पाणी मारून एक, दोन आणि पाच मिनिटांनी फोटो. पाणी पावसाचं साठवलेलं घ्या. आपल्या बोअरचं जड पाणी सुकल्यावर पांढरा क्षार सोडतं आणि पुढच्या वर्गाला तीच बुरशी वाटते. ओघळाची दिशा कोणती, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला, जवळ डाळिंबाची बाग आहे का, हे लिहून घ्या. बाग का विचारतो? फवारणीत तांब्याची औषधं असतात, ती शैवाकाला सोसत नाहीत, आणि मुळं नसल्यामुळे जे काही वरून पडतं ते शैवाक अंगात शोषून घेतं. बागेच्या बाजूचा दगड आणि माळाकडचा दगड अशी तुलना केलीत तर प्रकल्प खरोखर तुमचा होईल, कुठल्या पुस्तकातून उतरवलेला राहणार नाही.

वरून पडेल ते शोषून घेतं, याच कारणासाठी बांधावरचं खवलं मसाल्यातही घालू नका. खायच्या म्हणून वापरात असलेल्या जाती मोजक्या आहेत, काही शैवाकं चक्क विषारी असतात, आणि पेल्ट्युलाला तसाही दगडफुलाचा वास नाही. मी एक खवलं तव्यावर टाकून पाहिलं होतं. जळक्या मातीचा वास आला, बस.

गावातल्या म्हाताऱ्यांना मात्र चुकलात म्हणू नका. दगडावर उगवलं म्हणून त्यांनी दगडफूल म्हटलं, आणि दगडावर ते खरंच उगवलंय. झाडाच्या सालीवरचं खरवडून दगडफूल म्हणून विकणाऱ्यांपेक्षा त्यांचं नाव जास्त बरोबर आहे.

कपची मी पाकिटात घालून ठेवली आहे. पाकिटावर लिहिलंय: नान्नज परिसर, शेताचा बांध, बेसाल्ट, ओघळाच्या पट्ट्यात, उघड्या उन्हात. तारखेची जागा रिकामी आहे. तुम्ही ती कोणत्या दिवशी उचलली आणि दगडाचं तोंड पूर्वेला होतं की पश्चिमेला, एवढं कळवा. तारीख नसलेला नमुना संग्रहात घेत नाहीत.